दोनशे बारा ओळी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

तळवड्याचा इंटरव्ह्यूही गेला. समोरचा माणूस वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा सहा वर्षांचा अनुभव दिसतोय. मधली तीन वर्षं काय केलंत?" मी म्हटलं, मुलगी लहान होती. "ते ठीक आहे, पण लोकांना बघता येईल असं काही काम? ओपन सोर्समध्ये वगैरे?" मी नाही म्हटलं. त्यानं कागदावर एकच शब्द लिहिला. मला उलटं वाचता येतं. 'गॅप'.

बसमध्ये ठरवून टाकलं. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा, कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. नोकरी लागेल तेव्हा लागेल, आधी आपलं नाव कुठंतरी उमटायला हवं. आणि रोजचं काम या वहीत लिहायचं. टेस्टरला नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भावाने ऑफिसातून भंगारात निघालेला लॅपटॉप आणून दिला. झाकणाची एक बिजागरी तुटलेली, बॅटरी मेलेली. वायर काढली की प्राण जातो.

नेहाला शाळेत सोडून बसले. जुनं सगळं पुसून लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, टाकलं. पहिल्यांदा वायफाय दिसेना. दुसऱ्यांदा पडदा काळा. तिसऱ्यांदा चालू झालं. मग मराठी टाइप करायला कळफलक बसवला आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'माझं नाव कस्तुरा'. आत्या (माझ्या सासूबाई, नागसेनची आई) बाजूला शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "एवढा वेळ लागला नाव लिहायला?"

९ फेब्रुवारी, रविवार

कोणतं काम हाती घ्यायचं याची वाट नागसेनने दाखवली. आम्ही डिप्लोमाला एका वर्गात होतो, त्यामुळे घरात अजून अरेतुरेच. तो चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथं ॲल्युमिनियम वितळवून गाड्यांचे भाग ओततात, भट्ट्या गॅसवर चालतात. गॅसगळती, तापमान, दाब यांवर नजर ठेवणारी महागडी यंत्रणा मालकांना, नानासाहेबांना, नको होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी नागसेननेच एक फुकटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवलं. सेन्सरला काही खटकलं की कॉम्प्युटर भोंगा वाजवतो, कशासाठी ते पडद्यावर लिहितो आणि मोबाईलवर मेसेज टाकतो.

"पण सगळं इंग्लिशमध्ये," नागसेन म्हणाला. "भोंगा दिवसातून दहादा वाजतो. कधी दाब, कधी तापमान. गेल्या महिन्यात खरंच गॅस होता, आणि आपला भट्टीवरचा खंडू पडद्यासमोर उभा राहून एकेक अक्षर लावत होता. दंडाला धरून बाहेर काढला त्याला."

सॉफ्टवेअरचं नाव 'वीबे'. डेन्मार्कच्या हेन्रिक नावाच्या एका माणसाने लिहिलंय. त्यांच्या भाषेत वीबे म्हणजे टिटवी. आत्या म्हणाल्या, "टिटवी? घरावरून ओरडत गेली तर माणसं दार लावून घेतात, आणि यांनी नाव ठेवलं!"

ठरलं. टिटवीला मराठी शिकवायची.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चार दिवस झाले, वीबे माझ्या लॅपटॉपवर उभंच राहत नाही. त्याचा कोड उतरवून घेतला, पण तो जुळवून चालता करताना पन्नास तुकडे लागतात आणि प्रत्येक तुकड्याला दुसरा हवा असतो. आज शेवटच्या पायरीवर चूक दाखवणारा निरोप आला आणि मी रडले. तीन वर्षं स्वयंपाकघरात काढली की हात विसरतात का?

प्रोजेक्टच्या चर्चेच्या पानावर मदत मागितली. वाट बघायची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर आलं! तेही मराठीत. रविराज नावाचे कोणी आहेत. रोमन अक्षरांत लिहितात, मी इथं आपल्या अक्षरांत उतरवते:

"नमस्कार ताई. आपली अडचण मी पाहिली. मी आपणास साहाय्य करू इच्छितो. मीही पिंपरी-चिंचवडचाच आहे. रावेत येथे निवास करतो."

किती शुद्ध! रावेतच्या सोसायटीतला माणूस असं बोलतो म्हणजे घरात वाचन असणार. त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन ओळी बदलल्या आणि वीबे सुरू झालं. नागसेनने कारखान्यातून काढून टाकलेला एक जुना सेन्सर आणला होता, तो जोडला. लायटर न पेटवता त्याच्यावर नुसता गॅस सोडला. दोन सेकंदांत भोंगा! आत्या दचकल्या, नेहा नाचली.

२ मार्च, रविवार

भाषांतर पुरं झालं. दोनशे बारा सूचना, दोनशे बारा ओळी. प्रत्येक ओळ मी स्वतः मोजली.

खंडूभाऊंना फोनवर एकेक वाचून दाखवली. ते चाकणजवळच्या खेड्यातले. घरची शेती आहे, भाऊ करतो. हे पंधरा वर्षं भट्टीवर. मी वाचलं, "गॅसगळती आढळली. परिसर त्वरित रिकामा करावा."

"वहिनी, हे कोन बोलतंय? तलाठी?"

"मग काय लिहू?"

"सरळ लिवा ना. गॅस सुटलाय, भाईर पळा."

तसंच लिहिलं, फक्त 'बाहेर' केलं. रविराजना दाखवलं. म्हणाले, "अत्युत्तम ताई. भाषांतराच्या फाईली सहसा कोणी तपासत नाही, म्हणून त्या शीघ्र स्वीकारल्या जातात." मला जरा वाईट वाटलं. माझी कोणीतरी तपासावी असं वाटत होतं.

१० मार्च, सोमवार

फाईल पाठवून आठवडा झाला. हेन्रिककडून उत्तर नाही. फाईल आत घ्यायचा अधिकार त्या एकट्याकडे.

रविराजशी रोज बोलणं होतं. फोन कधी करत नाहीत, लिहितातच. मी म्हटलं, इतक्या जवळ आहात, या एकदा घरी. "अवश्य. रावेतहून दापोडी किती दूर, सायंकाळी फेरफटका मारता मारता येईन." मी नागसेनला सांगितलं तर तो हसला. "चालत? निम्मं शहर ओलांडून?" मी म्हटलं, आयटीतली माणसं कॅबच्या बाहेर बघतात कुठे.

आमच्या घरची चौकशी करतात. नागसेनच्या कारखान्यात सेन्सर किती, कॉम्प्युटर बाहेरच्या नेटला जोडलेला आहे का. मी विचारून सांगितलं. कामाबद्दल इतक्या आपुलकीनं विचारणारं दुसरं कोण आहे मला?

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. नेहा हिरवी होऊन आली.

रविराज म्हणाले, हेन्रिक प्रोजेक्टकडे लक्ष देत नाहीत, त्यांनी अधिकार कोणा जबाबदार माणसाला द्यायला हवा. आपण सगळ्यांसमोर पत्र लिहावं. मसुदा त्यांनीच दिला. त्यात एक वाक्य होतं: 'आमच्या कामगारांचे प्राण तुमच्या आळसावर टांगलेले आहेत.' 'आळस' शब्द मला टोचला. पण खंडूभाऊ अक्षरं लावत उभे राहिलेले डोळ्यांसमोर आले आणि ठेवला.

दुपारपर्यंत माझ्या पत्राखाली आणखी नऊ जणांची पत्रं. नावं सगळी अनोळखी. सगळ्यांचं म्हणणं एकच, शब्दही जवळजवळ तेच. केवढा राग साठला होता लोकांत!

१७ मार्च, सोमवार

हेन्रिकने मला एकटीला पत्र पाठवलं. इंग्रजीत, अगदी साधं.

'तुमची भाषा मला येत नाही, पण तुमची वाक्यं लहान आहेत हे दिसलं. चांगली सूचना लहानच असते. अकरा वर्षं हे काम मी नोकरी सांभाळून, एका पैशाशिवाय केलं. सध्या माझी पत्नी आजारी आहे. आळस नाही. हे रविराज मदतीला तयार आहेत, पण मी त्यांना ओळखत नाही. ते तुमच्या शहरातले आहेत असं म्हणतात. तुम्ही त्यांना भेटला आहात का?'

दुपारभर पत्र उघडं ठेवून बसले. 'आळस'ची लाज वाटली.

मग लिहिलं: 'हो. भले गृहस्थ आहेत.'

भेटले नाही, पण रोज बोलतो की आम्ही. ही काही खोटी साक्ष नव्हे.

२५ मार्च, मंगळवार

रविराजना अधिकार मिळाला, आणि त्यांनी पहिलं काम माझंच केलं. मराठी आत गेली! प्रोजेक्टच्या पानावर माझं नाव आलं. नागसेनने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'जय भीम, अभिनंदन' असे चाळीसेक निरोप आले.

एक बारीक गोष्ट. माझी फाईल होती तिच्या तिप्पट वजनाची दिसतेय. उघडली तर माझ्या दोनशे बारा ओळींखाली न वाचता येणारी अक्षरं, पानंच्या पानं. रविराजना विचारलं. म्हणाले, देवनागरीची जोडाक्षरं नीट दिसावीत म्हणून लागणारी सामग्री आहे. 'क्ष', 'ज्ञ' वगैरे. पटलं. आपल्या लिपीला लागतंच थोडं जास्त.

३ एप्रिल, गुरुवार

नवीन वीबे माझ्या लॅपटॉपवर टाकलं. लायटरचा गॅस सोडला. भोंगा वाजेना. सेन्सर सैल झाला म्हणून उठते तोच वाजला.

हातात घड्याळ घेऊन पुन्हा केलं. अकरा सेकंद.

भाषा इंग्रजी केली. दोन सेकंद.

मराठी. अकरा.

असं वीस वेळा केलं, तक्ता आखला. मराठीत प्रत्येक वेळी अकरा, आणि तेवढा वेळ पंखा भणभणतो, लॅपटॉप कुठंतरी धावत असल्यासारखा.

६ एप्रिल, रविवार

रविराज म्हणाले, जुना लॅपटॉप आहे ताई, दमतो. तक्ता कुठं टाकू नका, लोक मराठीलाच नावं ठेवतील. तेही खरं.

नागसेनला सांगितलं. तो बूट घालता घालता थांबला. "कंपनीतला कॉम्प्युटर दणकट आहे गं. काल टाकलं मी नवीन. टेस्ट केली, वाजला ना. पोरं खूश आहेत."

"किती सेकंदांनी वाजला?"

"घड्याळ कोण लावतं?"

मी लावते, असं म्हणणार होते. पण पगारी नोकरी त्याची, अनुभव त्याचा. डबा त्याच्या हातात दिला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. दारात रांगोळी, घरात खीर. खंडूभाऊ बायकोला, सगुणाबाईंना, घेऊन आले. खीर खाता खाता म्हणाले, "वहिनी, आता पडदा मराठी बोलतोय बरं का! परवा दाब वाढला तर लिवून आलं, 'दाब चढलाय, व्हॉल्व बघा.' म्या बघितला. कुनाला इचारलं न्हाई."

सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "घरी येऊन सांगितलं मला. दोनदा सांगितलं." आणि मला हळदीकुंकू लावायला हात पुढं केला, मग आमचं घर आठवून तो तसाच माझ्या खांद्यावर ठेवला.

त्या हाताचं वजन अजून जाणवतंय. आनंद व्हायला हवा होता. मला अकरा सेकंदच आठवत राहिले.

२२ एप्रिल, मंगळवार

भावाच्या ऑफिसातल्या नव्या लॅपटॉपवर जाऊन करून बघितलं. तोही दमतो का, तर हो. दहा सेकंद.

रविराजना लिहिलं. पहिल्यांदाच त्यांनी दिवसभर उत्तर दिलं नाही. संध्याकाळी एकच ओळ आली: "आपण आता विश्रांती घ्यावी, ताई."

हेन्रिकला कळवावं का? पण त्यांची बायको आजारी. आणि कळवायचं काय, की ज्यांची मी हमी दिली त्यांच्या कामात खोट दिसतेय? आणखी चार दिवस बघते.

५ मे, सोमवार

दुपारी साडेतीनला नागसेनचा फोन. आवाज त्याचा वाटेना.

"मी ठीक आहे. खंडू भाजला."

दोन नंबरच्या भट्टीजवळ गॅसच्या पाईपचा जोड सुटला. भोंगा वाजला, खंडूभाऊ वळले, आणि त्याच क्षणी भडका. बाकी तिघं लांब होते, निभावले. खंडूभाऊंचा चेहरा आणि दोन्ही हात.

नेहाला आत्यांकडे सोपवून दवाखान्यात गेले. सगुणाबाई जिन्यात बसल्या होत्या. रडत नव्हत्या.

६ मे, मंगळवार

नानासाहेब म्हणतात, जोड जुना होता, नशीब. कारखाने खात्याचे इन्स्पेक्टर येऊन गेले, त्यांनीही तेच लिहिलं. भोंगा वाजला होता, मग यंत्रणेत दोष नाही.

मी नागसेनला म्हटलं, "सेन्सरला गॅस कधी लागला आणि भोंगा कधी वाजला, दोन्ही वेळा कॉम्प्युटरमध्ये लिहिलेल्या असतील. मला आणून दे."

"कशाला?"

"आण."

७ मे, बुधवार

सेन्सर: दोन एक्केचाळीस आणि सात सेकंद.

भोंगा: दोन एक्केचाळीस आणि एक्केचाळीस.

चौतीस. माझ्याकडे एक सेन्सर होता म्हणून अकरा. तिथं चौदा आहेत.

रविराजना लिहिलं. तीनदा खोडलं. 'आमच्या ओळखीचा माणूस जळाला. फाईलमध्ये काय घातलंय ते मला आत्ता सांगा.'

उत्तर लगेच आलं: "फार दुःखद. आपण चिंता करू नये. फाईल आपल्या नावावर आहे, यंत्रणा आपल्या पतींनी बसवली आहे, परंतु आपण हे हेतुपुरस्सर केलं नाही हे मी जाणतो. कोणास काही कळणार नाही. नेहाची शाळा सुरू होईल, तिच्याकडे लक्ष द्यावे."

मला धीर देतायत असं वाटलं. स्वयंपाकाला लागले. भाकरी तव्यावर टाकली आणि मग वाक्य पुन्हा डोक्यात आलं. नेहाचं नाव मी त्यांना कधी सांगितलं होतं? सांगितलं असेल. मी काय सांगितलं नाही?

भाकरी जळाली.

८ मे, गुरुवार

सकाळी नागसेनसमोर बसून सगळं सांगितलं. लॅपटॉप, तक्ता, पत्र, हेन्रिकला दिलेली हमी. तक्ता त्याने दोनदा वाचला. शेवटी म्हणाला, "हे बाहेर पडलं तर माझी नोकरी जाईल. तुझं नाव तर कायमचं."

"माहितीये."

"आणि नाही पडलं तर?"

"तर दुसरीकडे कुठंतरी एक खंडू उभा असेल."

तो उठून गॅलरीत गेला. खालून पॅसेंजरगाडी धडधडत गेली तरी तिथंच उभा. आत आला तेव्हा म्हणाला, "मला न सांगता पाठवलं असतंस तर माफ केलं नसतं. आता पाठव. आणि कस्तुरा, तू सांगितलं होतंस मला. घड्याळ मी लावलं नाही, हेपण लिही."

हेन्रिकला लिहिलं. तक्ता जोडला, चौतीस सेकंदांची नोंद जोडली. शेवटी: 'मी त्यांना भेटले नव्हते. मी तुमच्याशी खोटं बोलले.'

मग तेच सगळ्यांना दिसेल असं चर्चेच्या पानावर टाकलं. स्वतःच्या नावाने.

९ मे, शुक्रवार

रविराज हे खातं नाहीसं झालंय. माझ्या पत्राखाली लिहिणारे ते नऊही. दहाही जणांनी एकाच तासात दिवा मालवला.

हेन्रिकचं उत्तर आलं. शिवी नाही, दिलासाही नाही. त्यांनी रात्र जागून फाईल फोडली. ती न वाचता येणारी अक्षरं म्हणजे लपवलेला प्रोग्राम. कोणी मराठी निवडली की तो आधी जागा होतो आणि बाहेरच्या कोणाला तरी दार उघडून देतो. सेन्सर काही बोलला की आधी त्याला कळतं, मग भोंग्याला. उशीर त्यामुळे. उशीर करणं हा कदाचित त्यांचा हेतूही नसेल, ती नुसती त्यांची बेफिकिरी. 'पण,' त्यांनी लिहिलंय, 'ज्याला आत शिरता येतं त्याला भोंगा बंदही करता येतो.'

रविराज कोण, कुठला, एक की अनेक, हे त्यांनाही माहीत नाही. नवीन वीबे मागे घेतलं आहे. ज्यांनी आधीच टाकलं त्यांना मात्र स्वतः काढावं लागेल.

१३ मे, मंगळवार

आम्ही दोघं पोलिसांत तक्रार द्यायला गेलो. लॅपटॉप त्यांनी ठेवून घेतला. साहेबांनी चार वेळा विचारलं, "म्हणजे तुम्ही केलं की तुम्ही नाही केलं?" चार वेळा मी म्हटलं, नाव माझं आहे, दोनशे बारा ओळी माझ्या आहेत, बाकी माझं नाही. ते लिहून घेणारा हवालदार गोंधळला.

नानासाहेबांनी नागसेनला घरी बसवलं. गेटवर सगळ्यांसमोर ओळखपत्र काढून घेतलं. तो आला, आंघोळ केली आणि नेहाला पाढे म्हणायला घेऊन बसला.

चर्चेच्या पानावर लोक मला काय काय म्हणतायत ते फोनवर दिसतं. वाचायचं नाही ठरवलं होतं. सगळं वाचलं.

१५ मे, गुरुवार

खंडूभाऊंचा डावा डोळा गेला. उजव्याचं पट्टी काढल्यावर कळेल. जीव वाचला.

सगुणाबाईंना मीच सांगायला हवं होतं. जिन्यात त्यांच्या शेजारी बसले आणि जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे भोंगा वाजला, पर येळंवर न्हाई."

"हो."

"किती उशिरा?"

"चौतीस सेकंद."

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौतीसात मानूस दारापत्तर जातो?"

मी नागसेनबरोबर ते अंतर चालून पाहिलं नव्हतं, पण त्याने सांगितलं होतं. वीस पावलं.

"जातो," मी म्हटलं.

सगुणाबाईंनी मान हलवली. नर्स औषधाची चिठ्ठी घेऊन आली. मी हात पुढे केला तर सगुणाबाईंनी चिठ्ठी स्वतः घेतली. "आमी आनतो," म्हणाल्या. "तुमी जावा आता."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

१९ मे, सोमवार

हेन्रिकने एक यादी पाठवली. 'मराठी फार आवडली' म्हणून ज्यांनी ज्यांनी प्रोजेक्टच्या पानावर कौतुक लिहिलं होतं ते सगळे, एकतीस कारखाने. भोसरी, चाकण, तळेगाव, सातारा, संभाजीनगर. माझं कौतुक केलेलं एवढं तपशीलवार कधी वाचलं नव्हतं. मेल सगळ्यांना गेलाय. उत्तर बारा जणांनी दिलं. उरले एकोणीस. नागसेन आणि मी नंबर शोधतोय. लॅपटॉप नाही, त्यामुळे फोन आणि ही वही.

२० मे, मंगळवार

सकाळपासून अकरा जणांशी बोलले. सात जणांनी फोन कानाला लावूनच काढून टाकलं. दोघांनी शिव्या दिल्या आणि काढलं. एक म्हणाले, मालकांना विचारतो.

अकरावा नंबर भोसरीतल्या एका शेडचा. रंगकाम करतात, आत रंग पातळ करायच्या, ठिणगीनं पेटणाऱ्या सॉल्व्हंटची पिंपं. फोन उचलला तो फोरमन होता, निरंजन नाव. मागे कॉम्प्रेसर, हातोड्या, कोणीतरी शीळ घालत होतं. मी कोण ते सांगितलं. तो एकदम खूश झाला.

"अहो मॅडम, तुम्हीच का त्या मराठीवाल्या? फार भारी काम केलंत!"

मी म्हटलं, ते आत्ताच्या आत्ता बंद करा.

"बंद? का बरं? उलट आधीचंच बेकार होतं. दिवसभर भोंगा. कानाला वैताग. तुमचं टाकलं आणि काय सांगू, महिना झाला, एकदासुद्धा वाजला नाही. एकदम शांत."

मी विचारलं, शेडमध्ये आत्ता किती माणसं आहेत?

"चाळीस असतील. का?"